चालू-बंद होणारी रंगद्रव्यं: डोळ्यांना न दिसणारा प्रकाश शोषणारे रेणू कसे डिझाइन करतात?

रात्रीच्या सीसीटीव्ही फुटेजमध्ये एक गंमत दिसते. काळा टी-शर्ट घातलेला माणूस कॅमेऱ्यात चक्क पांढरट किंवा राखाडी शर्टात दिसतो. कॅमेरा खराब नसतो. तो त्या वेळी निअर इन्फ्रारेड प्रकाशात बघत असतो, आणि टी-शर्टचा काळा रंग फक्त आपल्या डोळ्यांना दिसणारा प्रकाश शोषतो. त्यापलीकडचा प्रकाश तो तसाच परत पाठवतो. म्हणजे डोळ्यांसाठी काळा असलेला रंग निअर इन्फ्रारेडसाठी जवळजवळ पांढरा असतो.

याच्या उलट वागणारा रंग बनवता येईल का? दिसणाऱ्या प्रकाशाला वाट देणारा आणि निअर इन्फ्रारेड गिळणारा? आणि तोही हवा तेव्हा चालू, हवा तेव्हा बंद? अशा रंगद्रव्यांवर जगभर काम सुरू आहे. शरीराच्या आत डोकावण्यापासून खिडकीतून येणारी उष्णता अडवण्यापर्यंत त्यांचे उपयोग आहेत. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे मला हा विषय रसायनशास्त्रापेक्षा सिस्टिम डिझाइनसारखा दिसतो. या लेखात तो त्याच पद्धतीने उलगडूया.

निअर इन्फ्रारेड म्हणजे नेमकं काय?

आपल्या डोळ्यांना साधारण ३८० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. जांभळा ३८० च्या बाजूला, लाल ७०० च्या बाजूला. लालच्या पुढे सुरू होतो तो निअर इन्फ्रारेड. टीव्हीच्या रिमोटमधला एलईडी साधारण ९४० नॅनोमीटरवर चालतो. सीसीटीव्हीच्या भोवती रात्री मंद लालसर दिसणारे दिवे बहुतेक वेळा ८५० नॅनोमीटरचे असतात.

एक सोपं सूत्र लक्षात ठेवा, पुढे लागेल. प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये हवी असेल तर १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागा. ४०० नॅनोमीटरच्या जांभळ्या प्रकाशाचा कण ३.१ इलेक्ट्रॉनव्होल्टचा, ८०० नॅनोमीटरचा कण १.५५ चा. म्हणजे तरंगलांबी दुप्पट झाली की ऊर्जा निम्मी.

तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यातला सिलिकॉन सेन्सर साधारण ११०० नॅनोमीटरपर्यंत बघू शकतो. पण तसं होऊ दिलं तर फोटोतले रंग बिघडतील, म्हणून सेन्सरसमोर इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो. फ्रंट कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बटण दाबा. बऱ्याच फोनमध्ये फिल्टरमधून गळून आलेला प्रकाश जांभळट ठिपक्यासारखा दिसतो.

आता सीसीटीव्हीचा विचार करा. दिवसा त्याला हा फिल्टर हवा, रात्री नको. बऱ्याच कॅमेऱ्यांमध्ये यासाठी छोटी मोटर किंवा चुंबक वापरून फिल्टर बाजूला सरकवतात. संध्याकाळी ऐकू येणारा तो हलकासा ‘टक’ आवाज त्याचाच. चालू-बंद होणारं रंगद्रव्य असेल तर हेच काम काहीही न हलवता होऊ शकेल.

शरीरासाठी हा पट्टा खास का आहे?

अंधारात मोबाईलची टॉर्च बोटाला लावली की बोट लाल चमकतं. हिरवा-निळा प्रकाश रक्त शोषून घेतं, लाल थोडा पार होतो. साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात रक्तातलं हिमोग्लोबिनही कमी शोषतं आणि पाणीही कमी शोषतं. त्यामुळे या प्रकाशाला शरीरात त्यातल्या त्यात खोलवर जाता येतं. डॉक्टरांच्या दृष्टीने ही शरीराची खिडकीच आहे.

कोरोनाच्या काळात घरोघरी आलेला पल्स ऑक्सिमीटर याच खिडकीतून बघतो. त्यात दोन एलईडी असतात, एक ६६० नॅनोमीटरचा लाल आणि दुसरा ९४० चा इन्फ्रारेड. ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन ६६० वर ऑक्सिजन असलेल्यापेक्षा सुमारे दहापट जास्त प्रकाश शोषतं. ९४० वर मात्र ऑक्सिजन असलेलं जास्त शोषतं. या दोन मापांच्या गुणोत्तरावरून टक्केवारी काढतात. म्हणजे हिमोग्लोबिन हे निसर्गाने बनवलेलं चालू-बंद होणारं रंगद्रव्यच आहे, आणि त्याचा स्विच आहे ऑक्सिजन.

पण याच उपकरणाची एक गंभीर मर्यादा आपल्यासारख्या सावळ्या लोकांनी माहीत करून घ्यायला हवी. त्वचेतलं मेलॅनिन लाल प्रकाश इन्फ्रारेडपेक्षा जास्त शोषतं. डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मिशिगनमधल्या डॉक्टरांनी आकडे मांडले. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना रक्तात प्रत्यक्ष ८८ टक्क्यांहून कमी ऑक्सिजन असण्याचं प्रमाण त्यांच्या कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ११.७ टक्के होतं, गोऱ्या रुग्णांमध्ये ३.६ टक्के. रेणूचा स्विच अचूक असूनही वाटेत दुसरा रंग आला की वाचन चुकतं. म्हणून मापनासाठी ‘कोणत्या तरंगलांबीवर’ हा प्रश्न पहिल्या दिवसापासून विचारावा लागतो.

रेणू प्रकाश शोषतो कसा?

स्वयंपाकघरातली हळद घ्या. तिच्यातल्या कर्क्युमिनच्या रेणूत एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून येतात. अशा साखळीत इलेक्ट्रॉन एका अणूपाशी बांधलेले राहत नाहीत, ते साखळीभर पसरतात. जितकी साखळी लांब, तितकं खालच्या आणि वरच्या पायरीतलं अंतर कमी. अंतर कमी म्हणजे कमी ऊर्जेचा, म्हणजेच लांब तरंगलांबीचा प्रकाश पुरतो. कर्क्युमिन निळा-जांभळा प्रकाश शोषतं, म्हणून हळद पिवळी दिसते.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे सायनाइन नावाचं कुटुंब. दोन टोकांना नायट्रोजन असलेले कडे आणि मध्ये कार्बनची साखळी. साखळीत तीन कार्बन असलेला सायनाइन-३ साधारण ५५० नॅनोमीटरवर शोषतो, पाचचा सायनाइन-५ साधारण ६५० वर आणि सातचा सायनाइन-७ साधारण ७५० वर. दोन कार्बन वाढवा, १०० नॅनोमीटर पुढे जा. रसायनशास्त्रात इतका साधा नियम क्वचितच मिळतो.

मग साखळी वाढवतच का नाही न्यायची?

कारण प्रत्येक वाढीची किंमत मोजावी लागते. पायऱ्यांमधलं अंतर कमी झालं की रेणूतले वरचे इलेक्ट्रॉन सहज निसटतात आणि ऑक्सिजन त्यांच्यावर हल्ला करतो. शर्टावरचा हळदीचा डाग धुऊन उन्हात टाकला की फिका पडतो ना? तिथे प्रकाशामुळे रेणू तुटतो. लांब साखळीचे सायनाइन याहून नाजूक असतात.

दुसरी अडचण चमकण्याची. शोषलेली ऊर्जा प्रकाश म्हणून परत यायला हवी असेल, तर अंतर जितकं कमी तितकी ती ऊर्जा रेणूच्या थरथरण्यात, म्हणजे उष्णतेत, विरून जाण्याची शक्यता जास्त.

यावर डिझाइनर दोन-तीन युक्त्या करतात. लवचिक साखळीच्या मध्यभागी सहा कार्बनचं कडं बसवून ती ताठ करतात. किंवा साखळी सोडून मोठं बंद कडं वापरतात. निळ्या शाईत आणि रंगांत वापरलं जाणारं थॅलोसायनिन साधारण ६७० ते ७०० नॅनोमीटरच्या आसपास शोषतं आणि ऊन चांगलं सहन करतं. त्याला बाजूने आणखी बेंझिनची कडी जोडली की तयार होणारं नॅफ्थॅलोसायनिन ७७० च्या आसपास पोहोचतं. तिसरी युक्ती म्हणजे इलेक्ट्रॉन देणारा गट आणि खेचणारा गट शेजारी शेजारी बसवणं. त्यामुळे साखळी न वाढवताही पायऱ्या जवळ येतात.

स्विच कुठे बसवायचा?

इथे खरी मजा आहे. लांब साखळीमुळे रंग आला असेल, तर साखळी मधोमध तोडली की रंग गेला पाहिजे. परत जोडली की परत आला पाहिजे. हे करण्याचे चार मुख्य मार्ग आहेत.

१. रसायनाने. हळदीत चुना मिसळला की ती लाल होते. हळदीच्या डागाला साबण लागल्यावर तो लाल होतो, तोही हाच प्रकार. आम्लारीपणा बदलला की रेणूतला हायड्रोजन निघतो किंवा जोडला जातो आणि इलेक्ट्रॉनची पायरी सरकते. एटीएमच्या पावतीच्या कागदातही असंच आहे. त्यात एक रंगहीन रेणू आणि एक आम्लधर्मी पदार्थ असतो. प्रिंटरच्या उष्णतेने दोघे वितळून भेटतात आणि काळं अक्षर उमटतं.

२. प्रकाशाने. झाडांमध्ये फायटोक्रोम नावाचं प्रथिन असतं. ६६० नॅनोमीटरचा लाल प्रकाश पडला की ते एका रूपात जातं, ७३० चा पडला की परत येतं. अमेरिकेत बेल्ट्सव्हिल इथल्या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये लेट्यूसच्या बियांवर हा परिणाम दाखवला. लाल प्रकाशाने बी रुजतं, पुढच्याने थांबतं, आणि शेवटी कोणता प्रकाश दिला त्यावर निकाल ठरतो. सॉफ्टवेअरच्या भाषेत, शेवटचं राइट टिकतं. आत फक्त एका दुहेरी बंधाची दिशा फिरते.

३. विजेने. पेडॉट नावाच्या प्लॅस्टिकचा पातळ थर गडद निळा असतो. त्यातून इलेक्ट्रॉन काढून घेतले की तो डोळ्यांना जवळजवळ पारदर्शक दिसतो, पण त्याचं शोषण निअर इन्फ्रारेडमध्ये सरकतं. इलेक्ट्रॉन परत दिले की परत निळा.

४. उष्णतेने. काही रेणू तापले की स्वतःच मूळ रूपात परततात. उन्हात गडद होणाऱ्या चष्म्यात हे रोज घडतं. ऊन त्यांना गडद करतं, उष्णता फिकट करते. म्हणून नागपूरच्या मे महिन्यात असा चष्मा थंड हवेतल्यापेक्षा कमी गडद होतो.

एक खरं उदाहरण: आयसीजीपासून हायड्रोसायनाइनपर्यंत

इंडोसायनिन ग्रीन, थोडक्यात आयसीजी, हे कोडॅक कंपनीत विकसित झालेलं सायनाइन कुटुंबातलं रंगद्रव्य. अमेरिकेत त्याला १९५९ मध्ये वैद्यकीय वापराची परवानगी मिळाली. रक्तात ते साधारण ८०० नॅनोमीटरवर शोषतं. गंमत म्हणजे याच जागी ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन सारखंच शोषतं, त्यामुळे ऑक्सिजन कमी-जास्त झाला तरी मापन बिघडत नाही. आजही डोळ्याच्या रक्तवाहिन्या बघायला, यकृताचं काम तपासायला आणि ऑपरेशनमध्ये आतड्याला रक्तपुरवठा नीट आहे का ते पाहायला ते वापरतात. यकृत ते रक्तातून इतक्या वेगाने काढतं की तीन-चार मिनिटांत प्रमाण निम्मं होतं.

पण आयसीजी कायम चालू असतं. जिथे रक्त जाईल तिथे ते चमकणार. सर्जनला हवी असते फक्त आजारी जागा. सगळ्या शहराचे दिवे लागलेले असताना एक घर शोधण्यासारखं आहे हे.

२००९ मध्ये अटलांटामधल्या जॉर्जिया टेकमधल्या निरेन मूर्ती यांच्या गटाने यावर सुंदर उपाय मांडला. सायनाइनवर सोडियम बोरोहायड्राइड या साध्या रसायनाची क्रिया केली. एक हायड्रोजन कड्याच्या एका कार्बनला जाऊन चिकटतो, साखळी तुटते आणि रंग जातो. हे झालं हायड्रोसायनाइन, म्हणजे बंद स्थिती. सूज आलेल्या ऊतींमध्ये ऑक्सिजनचे आक्रमक रेणू तयार होतात. ते हा हायड्रोजन हिसकावून घेतात, साखळी जुळते आणि रेणू तिथेच चालू होतो. ज्या गोष्टीचा शोध घ्यायचा आहे, तिलाच स्विचवर बोट ठेवायला लावायचं, अशी ही रचना आहे.

यातली अडचणही तितकीच बोलकी आहे. हवेतला साधा ऑक्सिजनही हळूहळू हा हायड्रोजन काढतो, म्हणजे बाटलीतच रेणू चालू व्हायला लागतात. यावर उपाय म्हणून त्या जागी हायड्रोजनचा जड भाऊ ड्युटेरियम बसवला. त्याचा बंध तोडायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे आपोआप चालू होण्याचा वेग घटतो. रेणूतला एकच अणू बदलून खोटे अलार्म कमी केले.

इंजिनिअरच्या चार कसोट्या

नवीन स्विच चांगला की नाही, हे मी चार आकड्यांवर तपासेन.

गळती. समजा चालू स्थितीत फिल्टर १ टक्काच प्रकाश जाऊ देतो. बंद करताना ५ टक्के रेणू हट्टाने चालूच राहिले, तर गणित केल्यावर सुमारे २१ टक्के प्रकाश तरीही अडतो. पाच टक्क्यांची गळती ऐकायला छोटी वाटते, पण परिणाम छोटा नसतो.

थकवा. प्रत्येक फेरीत १ टक्का रेणू कायमचे मेले, तर १०० फेऱ्यांनंतर फक्त ३७ टक्के उरतात. १००० फेऱ्यांनंतर ९० टक्के उरायला हवे असतील, तर प्रत्येक फेरीतलं नुकसान ०.०१ टक्क्याच्या आत हवं. जपानच्या मासाहिरो इरिए यांनी लोकप्रिय केलेल्या डायअरिलइथीन कुटुंबातले काही रेणू १० हजारांहून जास्त फेऱ्या सहन करतात. म्हणूनच संशोधक त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा वळतात.

वाचताना पुसलं जाणं. ज्या प्रकाशाने स्थिती वाचायची, त्यानेच ती बदलली तर मेमरी निरुपयोगी. बहुतेक प्रकाश-स्विचना ३६५ नॅनोमीटरसारखा अतिनील प्रकाश लागतो, म्हणजे ३.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट. ८०० नॅनोमीटरचा कण त्याच्या निम्म्याहूनही कमी ऊर्जेचा. वाचायला हे सोयीचं आहे. पण शरीराच्या आत स्विच दाबायचा असेल तर हेच गैरसोयीचं, कारण अतिनील प्रकाश तिथे पोहोचत नाही आणि निअर इन्फ्रारेडच्या एका कणात तेवढा जोर नसतो.

गर्दी. चांगल्या सायनाइनचा एका सेंटिमीटर जाडीला, प्रति मोलर शोषणाचा आकडा १ लाखाच्या पुढे असतो. १० मायक्रोमीटरच्या थरात ९९ टक्के प्रकाश अडवायचा तर साधारण २० मिलिमोलर रंगद्रव्य घालावं लागेल. इतक्या गर्दीत सपाट रेणू पत्त्यांसारखे एकावर एक चिकटतात आणि शोषणाची जागाच सरकते. म्हणून रेणूला बाजूने जाड फांद्या लावतात, म्हणजे ते एकमेकांपासून दूर राहतात.

कॉम्प्युटरवर आधी करून बघता येत नाही का?

येतं, पण सावधपणे. साय-फोरसारखी मोफत सॉफ्टवेअर घेऊन लॅपटॉपवर छोट्या रेणूंच्या पायऱ्या मोजता येतात. पण सगळ्यात जास्त वापरली जाणारी गणिताची पद्धत नेमकी सायनाइनच्या बाबतीत अडखळते. ती ऊर्जा साधारण ०.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट किंवा त्याहून जास्त दाखवते. ४०० नॅनोमीटरवर ही चूक फारशी जाचत नाही. पण खरं शोषण ८०० वर असेल, म्हणजे १.५५ इलेक्ट्रॉनव्होल्ट, तर गणित १.८५ सांगतं आणि उत्तर येतं ६७०. डिझाइन निअर इन्फ्रारेडचं आहे आणि स्क्रीनवर मात्र लाल. म्हणून माहीत असलेल्या रेणूंवर आधी पद्धत तपासतात, चुकीचा कल मोजतात आणि मगच नव्यांना लावतात. इंजिनिअरिंगला असलेल्यांसाठी हा चांगला प्रोजेक्ट आहे: सायनाइन-३, ५ आणि ७ मोजा आणि १०० नॅनोमीटरचा नियम तुमच्या लॅपटॉपवर निघतो का ते बघा.

खिडक्यांचं काय?

जमिनीवर येणाऱ्या सूर्यप्रकाशाची जवळपास निम्मी ऊर्जा इन्फ्रारेडमध्ये असते. म्हणजे खोलीत उजेड तेवढाच ठेवून उष्णता बरीच कमी करता येईल. २०१३ मध्ये नेचरमध्ये डेलिया मिलिरॉन यांच्या गटाने असा काचेचा थर दाखवला, जो विजेचा दाब बदलून दिसणारा प्रकाश आणि निअर इन्फ्रारेड वेगवेगळे अडवू शकतो. त्यात सेंद्रिय रंगद्रव्याऐवजी इंडियम टिन ऑक्साइडचे नॅनोकण होते.

पण इथे एक बारीक मुद्दा आहे. शोषणं म्हणजे परतवणं नव्हे. शोषलेली ऊर्जा काचेत उष्णता बनून राहते आणि तापलेली काच तिचा काही भाग खोलीतच सोडते. म्हणून शोषणारा थर दुहेरी काचेच्या बाहेरच्या काचेवर बसवणं शहाणपणाचं.

पुढच्या वेळी बातमी आली की

‘जादुई रंगाने कॅन्सर दिसणार’ किंवा ‘एसीची गरज संपणार’ अशा बातम्या फीडवर येत राहतील. त्या वाचताना पाच प्रश्न विचारा. शोषण नेमकं कोणत्या तरंगलांबीवर आहे? बंद स्थितीत किती गळती आहे? किती फेऱ्या टिकतो? द्रावणात मोजलं की प्रत्यक्ष थरात किंवा शरीरात? आणि स्विच दाबणारी गोष्ट फक्त हवी तिथेच असते का, की इतरत्रही? पाचही उत्तरं बातमीत नसतील, तर मूळ शोधनिबंधाचा सारांश उघडा. तिथेही नसतील, तर तो रेणू अजून प्रयोगशाळेतच आहे असं समजायला हरकत नाही.